लेकीचे गमबूट

आधीच सांगते, माझं अक्षर वाचणाऱ्याला त्रास देईल. ओळ सरळ जात नाही, मध्येच खाली उतरते. ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधी कळलंच नाही, हात जिथं वळतो तिथं मी वेलांटी देते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, पुढं सहीपलीकडे काही लिहायची वेळ आली नाही. त्याबद्दल माफी असावी. तसं हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. चार लोकांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, आणि लेक शाळेत गेल्यापासून सांगण्यासारखं इतकं साठलंय की ते कुठंतरी ठेवायला हवं.

माझी मुलगी पाचवी पास झाली आणि परीक्षा देऊन एका निवासी शाळेत लागली. शाळा लांब, इगतपुरीच्या बाजूला, डोंगरात. शाळेत सोबत काय काय आणायचं त्याचा निरोप फोनवर आला, तेव्हा आम्ही दोघं नवरा-बायको वांगी तोडत होतो. मुलगी फोन घेऊन बांधावरून पळतच आली आणि तिथंच उभी राहून मोठ्यानं वाचायला लागली. कपडे, पांघरूण, ताट-वाटी इथपर्यंत ठीक होतं. मग पायांचं आलं. शाळेचे काळे बूट, खेळायचे पांढरे बूट, पट्ट्याची प्लास्टिकची सँडल, खोलीत घालायची स्लीपर आणि गमबूट.

"बाबा, पायात घालाचे पाच जोड लागतात!"

वांग्याचं टोपलं खाली ठेवून हे म्हणाले, "जाऊन राह्यल्या किती जनी?"

"मी एकलीच."

"मंग बाकीचे चार कोनासाठी?"

आम्ही तिघंही हसलो. आमच्या घरात तिघांचे मिळून तेव्हा चार जोड होते, त्यातला एक यांचा लग्नातला बूट, जो पत्र्याच्या पेटीत असतो. माझी चप्पल बाजाराची आणि पाहुण्यारावळ्याची. शेतात मी अनवाणीच. आणि पावसाचं म्हणाल तर आमच्याकडे पाऊस पडला की चप्पल पायातून काढून हातात घेतात. काळी माती अशी चिकटते की दोन पावलांत पायाखाली शेरभर गोळा होतो, चप्पल तुटते नाहीतर चिखलातच राहते. पावसात पाय उघडेच बरे, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. पावसासाठी म्हणून मुद्दाम वेगळं पायताण घ्यायचं, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. गमबूट मी पाहिले होते ते कपाशीवर फवारणी करणाऱ्या माणसांच्या पायात.

निरोपाच्या शेवटी लिहिलं होतं की इथं चार महिने पाऊस असतो आणि वस्तू वाळत नाहीत. तेही मुलीनं वाचलं. मी ऐकलंही. पण आमच्याकडे एक लुगडं पिळून दुसरं धुवेपर्यंत पहिलं वाळतं. वाळत नाही म्हणजे काय, ते माझ्या डोळ्यांपुढं आलंच नाही.

आमच्या संग्रामपूरच्या बाजारात माझ्या शेजारी एक मावशी बसते. नात्यातली नाही, कांदा-लसूण विकते. मला ओरडून भाजी विकता येत नाही, म्हणून माझ्या मेथीसाठीही तीच ओरडते. "घ्या वं मेथी, घ्या! हे बाई बोलत नाई, पन तिची मेथी बोलते!" अशानं माझा माल लवकर खपतो आणि मान खाली घालून मी पैसे घेते.

निरोपानंतरच्या बाजारी तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तराजू खालीच ठेवला.

"काऊन वं, आज तोंड काऊन येवढं फुललं? पोट्टीचं लगन जमवलं का काय?"

"नाई मावशी. बूट घ्याचे हायेत तिले. शायेसाठी."

"किती?"

"पाच जोड."

"पाच! पोट्टी हाये का गोम हाये?"

गिऱ्हाईकंही हसली. मी लाजले, पण मला फार बरं वाटलं. माझ्या मुलीच्या पायांबद्दल बाजारात बोलणं चाललं होतं. मग मावशीनं आवाज उतरवून विचारलं, "पैसे हायेत का?" मी मेथीच्या जुड्या सारख्या करत राहिले. तिनं कमरेचा बटवा काढला आणि नोटा माझ्या ओच्यात टाकल्या.

"मावशी, म्या मांगतले नाई."

"तुह्या तोंडून मांगनं निघीन तवरोक पोट्टी म्हातारी होईन. देजो सवडीनं. आन् मीबी येतो खामगावले, तुले दुकानात बोलता येत नाई."

आम्ही तिघी एसटीनं खामगावला गेलो. मुलगी खिडकीशी बसून वाटभर आपल्या पावलांकडेच पाहत होती, जणू लग्न तिचं नाही, पायांचंच आहे. दुकानात गार वारा आणि नव्या रबराचा वास. काळे बूट घेतले, एक बोट मोठे, पुढच्या वर्षीही चालावेत म्हणून. पांढरे घेतले, तेही वाढत्या मापाचे. सँडल, स्लीपर. मावशी प्रत्येक जोड उलटा करून तळ दाबून पाहायची, वांगं दाबतात तसा.

गमबूट म्हटल्यावर दुकानदार माळ्यावर चढला आणि धुळीनं भरलेला खोका घेऊन उतरला.

"हे फवारणीचे हायेत बाई. मानसाच्या मापाचे. याच्याहून लहान आपल्याकडं येतच नाई. पाऊस तरी केवढा पडते आपल्या इथं?"

मुलीनं ते तिथंच चढवले. गुडघ्याच्या वर आले. ती चालायला लागली की आधी पाय पुढं जायचा आणि मग मागून बूट यायचा. मावशी हसून हसून बाकड्यावर बसली. "अवो, हिले बुटात उभी करा आन् वरून झाकन लावा, कोठी होते!"

पण मुलगी काही काढेना. पूर आल्यासारखे पाय उचलत ती दुकानभर फिरली. "आई, राहू दे ना. मी मोठी होईन ना."

आम्ही दुसरी दोन दुकानं पाहिली. तिथं तेही नव्हते. म्हणून परत येऊन तेच घेतले. सगळं मोठंच घेतलंय, हेही मोठं, असं वाटलं.

घरी आल्यावर मला एक युक्ती सुचली. घरात गादीसाठी ठेवलेला आमच्याच वावरातला कापूस होता. त्यातला पांढराशुभ्र निवडला, सरकी बोटांनी काढली, पिंजला, आणि जुन्या मऊ पातळाच्या दोन पिशव्या शिवून त्यात भरला. पिशव्या गमबुटाच्या टोकाशी आत बसवल्या आणि तळाला कापडात टाचलेला पातळ थर अंथरला. मुलीनं पाय घातला आणि डोळे मिटले. "आई, गादीवर उभी राहिल्यासारखं वाटतं!" यांनी आत हात घालून पाहिला, म्हणाले, "मीच जातो शाळेत, तू वांगे तोड." शेजारणी पाहायला आल्या. ओट्यावर पाचही जोड ओळीनं मांडले होते. जी ती गमबूट उचलायची, आत हात घालायची आणि म्हणायची, काय डोकं आहे बाई. माझं असं कौतुक आयुष्यात झालं नव्हतं. लाजून मी घरात पळाले, पण दाराआडून ऐकत राहिले.

प्रत्येक जोडाला मी लुगड्याच्या कापडाची वेगळी पिशवी शिवली. काळ्याला निळी, पांढऱ्याला फुलाफुलाची. बॅगेत चार जोड मावले. गमबूट काही मावेनात, म्हणून ते पायातच घालायचे ठरलं. जूनचं ऊन, स्टँडवर धुरळा, पावसाचा पत्ता नाही, आणि माझी पोरगी गुडघ्याच्या वर काळे गमबूट घालून एसटीची वाट पाहत उभी. एक म्हातारा म्हणाला, "काय वं, फवारनीले चालली का?"

"नाही आजोबा, शाळेत!" ती इतक्या जोरात म्हणाली की कंडक्टरही वळला.

तिला पोचवायला हे गेले. घरी म्हशीला आणि भाजीच्या पाण्याला कोणीतरी हवं होतं. एसटी वळणावरून दिसेनाशी झाली तरी मी हसतच उभी होते. रडू आलं नाही. आमच्या घरातली मुलगी डोंगरातल्या शाळेत चालली होती, पाच जोड घेऊन.

रविवारी शाळेतून फोन लावून द्यायचे. ती सगळं भराभर सांगायची. ढग खिडकीतून खोलीत येतात. समोरच्या डोंगरावरून मोजता येणार नाहीत इतके धबधबे पडतात. मैत्रीण कोकणातली आहे, ती पावसाला पाऊस म्हणतच नाही. मी दरवेळी एकच विचारायची, "पाय कसे आहेत?" ती म्हणायची, "मस्त." मी बाजारात मावशीला सांगायची आणि मावशी सगळ्या बाजाराला.

मग एक दिवस मधल्या वाराला फोन आला. हे पाणी धरायला गेले होते, फोन घरीच. अनोळखी फोन मी कधी उचलत नाही. तो वाजून थांबला, पुन्हा वाजला. उचलला. वसतिगृहाच्या बाई बोलत होत्या.

"तुमच्या मुलीच्या दोन्ही पायांना फोड आलेत. बोटांमधली कातडी सुटलीय. डॉक्टरांनी औषध दिलंय, पण तिला चालता येत नाही, वर्गात जात नाही. घरी न्यायचं असेल तर या."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? ऐकताय ना?"

"बाई," मी म्हणाले, "घरी नेलेली पोरं परत येतात का?"

"खरं सांगू का? पहिल्या पावसात घरी गेलेली फारशी येत नाहीत. आणि जागाही शाळा फार दिवस ठेवत नाही, यादीत पुढची मुलं असतात."

"मग मी येते," मी म्हणाले. "न्यायला नाही. पाहायला."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की मी एका अनोळखी बाईशी इतकं बोलले. यांनी ऐकलं तेव्हा म्हणाले, "मी जातो ना, तू कुठं एकटी." मी म्हटलं, "तुम्हाला ती मस्तच सांगेल. मला तिचे पाय बघायचेत." ते जाऊन गाडीची वेळ विचारून आले.

मावशीनं गाडीभाड्याचे आणि वर लागतील तेवढे पैसे पुन्हा काढून दिले. "जाय. तुही मेथी मी विकतो. आन् रडत बसू नोको तिथं, पोट्टी घाबरीन."

शेगावहून गाडी पकडली. पहिल्यांदाच मी एकटी एवढ्या लांब जात होते. भीती होती, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त दुसरंच काहीतरी होतं. मी खिडकी सोडली नाही. नाशिक गेलं आणि हवा बदलली. डोंगर आले, पण आमच्या सातपुड्यासारखे लांब निळे नव्हते. अगदी गाडीला टेकलेले, हिरवे, ओले. इगतपुरीला उतरले तर पाऊस पडत होता असं म्हणता येणार नाही. तो तिथं राहतच होता. भिंती ओल्या, माणसं ओली, कुत्री ओली, आणि कोणालाच त्याचं काही नाही.

आणि स्टेशनबाहेरच्या बाजारात दुकानादुकानांवर गमबूट लटकत होते! आमच्याकडे दोडके टांगतात तसे, जोडीजोडीनं, दोरीला. लाल, पिवळे, निळे. अगदी दोन-तीन वर्षांच्या पोराच्या मापाचेही. मी तिथंच थांबले. जे खामगावात तीन दुकानं फिरून मिळालं नाही, ते इथं रस्त्यावर टांगलेलं. मला हसूच आलं.

शाळेच्या वाटेनं चढ लागला. सवयीनं मी चप्पल काढून हातात घेतली. पण तिथं माती चिकटत नाही, दगडावर शेवाळ असतं. पाय असा घसरला की मी बसलेच. मागून येणारी एक बाई म्हणाली, "अहो, चप्पल हातात कशाला? पायात घाला की!" मी घातली आणि हळूहळू वर गेले.

मुलगी खाटेवर बसली होती, पायांना पांढऱ्या पट्ट्या. मला पाहून आधी ओरडली, मग दाराकडे पाहिलं.

"बाबा कुठं?"

"घरी. मी एकटी आले."

"एकटी? गाडीत कोणाशी बोललीस का?"

"टीसीशी. त्यानं विचारलं म्हणून."

ती खदखदून हसली, आणि मग हसता हसता रडली. मी पट्टी बाजूला सारून पाहिलं. बोटांमधली कातडी पांढरी पडून सुटली होती, टाचेला फोड. खोलीत एक वास येत होता. खाटेखालून गमबूट ओढले आणि आत हात घातला. मी शिवलेली पिशवी काळी पडली होती. दाबली तर पाणी निघालं, आणि तो वास तिचाच होता.

"हे काढून का नाही टाकलंस?"

"तू शिवलं होतंस." ती पट्टीची कड ओढत म्हणाली. "रोज खिडकीत ठेवत होते आई. पण वाळतच नाही. सकाळी तसंच घालावं लागायचं. नाही घातलं तर बूट पायातून निघतो."

आमच्याकडे कापूस म्हणजे सुख. बाळाच्या उशीत कापूस, गादीत कापूस, जखमेवर कापूस, देवाच्या वातीत कापूस. भिजला तर पत्र्यावर टाकला की तासाभरात कुरकुरीत. तो लेकीचे पाय खाईल, हे कोणी सांगितलं असतं तर मी भांडले असते.

वसतिगृहाच्या बाईंनी आत डोकावून पिशव्या पाहिल्या आणि रागावल्या नाहीत. उलट शिवण पाहून म्हणाल्या, "टाके किती बारीक आहेत हो! पण इथं कापूस चालत नाही. आम्ही रात्री बुटात वर्तमानपत्राचे बोळे घालतो, पाणी ओढून घेतात. सकाळी काढून फेकायचे. आणि बूट मापाचाच हवा, मोजे दिवसातून दोनदा बदलायचे."

"मापाचा बूट आणला तर ती इथंच राहील ना?" मी विचारलं.

"पाय कोरडे राहिले तर आठवड्यात वर्गात बसेल. घरी कशाला जाते?"

मी दोऱ्यानं तिचं पाऊल मोजलं, पट्टीसकट नाही, पट्टी काढून. दोरा मुठीत धरून तो चढ उतरले आणि पहिल्याच दुकानात गेले.

"कितवा नंबर, ताई?"

मी दोरा पुढं केला. त्यानं तो हसत बुटाच्या तळाला लावला आणि एक पिवळा जोड काढला. किंमत सांगितली. मी म्हटलं, "जास्त होते."

"ताई, पावसाळ्यात आम्ही गमबुटाचा भाव करत नाही."

"आमच्याकडं हंगामात वांग्याचाही करतात."

तो मोठ्यानं हसला आणि भाव उतरवला. वर मोज्यांचे दोन जोडही दिले. मी दुकानाबाहेर पावसात उभी राहिले आणि मला वाटलं, हे बोलली ती कोण? मावशी तर सोबत नव्हती.

पिवळे गमबूट पाहून मुलीनं ते छातीशी धरले. पट्ट्या निघेपर्यंत उशाशीच ठेवले. पालकांसाठी एक खोली होती, तिथं मी राहिले. संध्याकाळी सगळ्या मुली वर्तमानपत्राचे बोळे करायला बसायच्या, मीही त्यांच्यात बसायची. कोकणातली मैत्रीण मला म्हणाली, "काकू, तुमच्याकडे खरंच बूट हातात घेऊन चालतात?" मी हो म्हटलं आणि काळ्या मातीचं सगळं सांगितलं. सात-आठ मुली तोंड उघडं टाकून ऐकत होत्या. मीच सांगत होते.

पायाची सूज उतरली तशी ती खोलीतून पडवीपर्यंत चालली, मग वर्गापर्यंत. मी निघाले त्या सकाळी ती मला सोडायला फाटकापर्यंत आली. डबक्यातून मुद्दाम गेली, पाणी उडवलं, आणि ओरडली, "आई, आत कोरडं आहे!" मोठे गमबूट मी परत आणले, ते आता फवारणीला यांच्या पायात असतात.

पुढच्या रविवारी तिनं सांगितलं की ती खेळात पळाली. त्याच्या पुढच्या रविवारी फोनवर दोनच मिनिटं बोलली, मैत्रिणी हाका मारत होत्या. मी विचारलं, "घरी यावंसं वाटतं का?" ती म्हणाली, "दिवाळीला येते ना. आत्ता कशाला?" ते ऐकून मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले, वांग्याच्या वाफ्यात.

त्या पावसात कोथिंबिरीला भाव चांगला मिळाला. इकडे पाऊस बेताचा होता, माल नासला नाही. मी बाजाराला बाजार थोडे थोडे पैसे मावशीच्या कांद्याच्या गोणीखाली सरकवत गेले. ती दरवेळी म्हणायची, "राहू दे वं, पळून चालली का?" आणि दरवेळी गोणीखालून काढून बटव्यात टाकायची. एका बाजारी ती लघवीला उठली होती आणि गिऱ्हाईक आलं. मी इकडंतिकडं पाहिलं, आणि तिचे कांदे विकायला ओरडले. आवाज फार मोठा नव्हता, पण गिऱ्हाईक थांबलं.

मावशी येऊन मागं उभी होती. "ऐकलं म्या," ती म्हणाली. "कोंबडं आरवलं आज."

"मावशी, आता हे घ्या," मी म्हटलं आणि उरलेल्या नोटा तिच्या हातात ठेवल्या. गोणीखाली नाही, हातात.

तिनं त्या बोटानं चाळल्या. "पाच जोडाचे, गाडीचे, पिवळ्याचे... झाले वं. पुरे झाले." मग बटव्याची दोरी ओढून ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "पोट्टी राह्यली ना तिथं?"

"राह्यली मावशी."

"मंग फिटले." आणि खरंच, त्या बाजारी मी तिचे सगळे पैसे फेडले.